नव्या डब्यावर एक्सपी

चिंचवड

चि. बाळू,

सीएमएमचा, म्हणजे मोजमापाच्या मशीनचा, कॉम्प्युटर बसला, शेठनी नवाकोरा आणून दिला आणि आता त्यावर जुनी एक्सपी टाकायला सांगतात, हे ताईकडून कळलं. शेठना हसू नकोस. मोजमापाचं सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालतं, आणि एका डब्यापायी लाखांचं मशीन कोण भंगारात घालेल? भोसरीपासून चाकणपर्यंत असे डबे अजून कितीतरी शॉपमध्ये चालू आहेत.

पण एक्सपी 2001 सालची. तिच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नाही. त्यामुळे निळा पडदा येतो आणि खाली 7बीवर संपणारा आकडा. बायोसमध्ये आयडीई मोड मिळाला तर सुटलास, पण नव्या बोर्डात तो बहुधा नसतो. एनव्हीएमई डिस्क तिला दिसत नाही, यूएसबी 3 कळत नाही, म्हणजे कीबोर्डही मुका. सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करायची सोय, काढून टाकलेला बोर्ड असेल तर सीडी घालायचीही तसदी घेऊ नकोस. रात्र जागून बसवलीस तरी ग्राफिक्सचा ड्रायव्हर कुठून आणशील?

माझं ऐकशील तर हा नाद सोड आणि जुना डबा उघड. पुष्कळदा डिस्क शाबूत असते, गेलेला असतो पॉवर सप्लाय किंवा फुगलेले कपॅसिटर. ते पुण्यात तपकीर गल्लीत मिळतील. पण हात लावण्याआधी डिस्क काढून तिची पूर्ण इमेज घे आणि दोन ठिकाणी ठेव. मशीनचा एरर मॅप, म्हणजे त्याच्या चुका भरून काढणारा तक्ता, त्याच डिस्कवर असू शकतो. तो गेला तर मोजमापावर भरवसा उरत नाही. बोर्डच मेला असेल तर त्याच पिढीचा जुना कॉम्प्युटर शोध. कंट्रोलरचं कार्ड पीसीआय स्लॉटमध्ये बसतं, तिथे व्हर्च्युअल मशीनचा उपयोग नाही. व्हीएमसी मिलिंग मशीनला सीरियल केबलने प्रोग्राम पाठवायला मात्र व्हर्च्युअल मशीन चांगलं चालतं. नवा डबा तिकडे लाव, म्हणजे शेठचे पैसेही वाया जाणार नाहीत.

लॅनची केबल जुन्या डब्याला लावू देऊ नकोस, कुणी कितीही घाई केली तरी. एक्सपीचे नेहमीचे पॅच 8 एप्रिल 2014 ला थांबले. जून 2017 मध्ये नॉटपेट्या व्हायरसने जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं, तो आतल्या नेटवर्कवरूनच पसरत गेला होता. पेन ड्राइव्हही आधी दुसरीकडे तपासून घे.

काम गुरुवारच्या सुट्टीत काढ, म्हणजे कुणी पाठीशी उभं राहणार नाही. आणि पॅरलल पोर्टवर डोंगल असेल तर ते आधी शेठच्या कपाटात कुलपात ठेव. ते हरवलं तर इमेज असूनही सॉफ्टवेअर उघडणार नाही.

तुझा मामा