गुन्हा कबूल म्हणण्यापूर्वी

कॉटन ग्रीनच्या कापसाच्या वखारी ओसरल्या, गिरण्यांचे भोंगे बंद झाले, परंतु येथील कष्टकरी माणसाच्या मनातील कोर्टाचे भय काही ओसरले नाही. आणि तारखांपायी खाडे होऊन रोजी बुडण्यापेक्षा ‘गुन्हा कबूल’ म्हणून दंड भरावा व मोकळे व्हावे, हा सल्ला कोर्टाच्या व्हरांड्यात आजही सर्रास दिला जातो. त्या सल्ल्याची किंमत मी माझ्या भाच्याच्या प्रकरणात पाहिली.

गोदामापाशी माल उतरवताना झालेल्या झटापटीत एका सहकाऱ्याचा ओठ फुटला आणि भारतीय दंड संहितेच्या कलम ३२३ खाली खटला उभा राहिला. तारखेपूर्वीच दोघांचा समेट होऊन ते एकत्र चहाही पिऊ लागले होते. तरीही कोणा परक्या वकिलाच्या सांगण्यावरून भाच्याने कबुली दिली. ‘कोर्ट उठेपर्यंत कैद’ आणि किरकोळ दंड अशी शिक्षा झाली. संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसून तो घरी आला, तो प्रकरण संपले अशाच समजुतीने. पुढे नोकरीच्या अर्जात ‘आपणांस न्यायालयाने कधी दोषी ठरविले आहे काय?’ हा रकाना आला, तेव्हा कुठे त्या बाकाचा अर्थ त्याला उमगला. अपिलाची चौकशी केली, तर कबुलीवरून झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील सामान्यतः चालत नाही, फार तर शिक्षेचे प्रमाण वा वैधता यांपुरतेच चालते, असे उत्तर मिळाले. वास्तविक कलम ३२३ चा गुन्हा आपसांत मिटविण्याजोगा. जखमी इसमाने न्यायालयात तडजोड नोंदविली असती, तर कायद्याने तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा झाला असता. याची हळहळ मला अद्याप वाटते.

प्ली बार्गेनिंग, म्हणजे सौम्य शिक्षेच्या बदल्यात वाटाघाटीने दिलेली कबुली, ही याहून निराळी वाट. ती ५ जुलै २००६ पासून आपल्याकडे कायद्याने खुली झाली. परंतु सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या, स्त्रिया व बालकांविरुद्धच्या, तसेच देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीस बाधक अशा गुन्ह्यांना ती लागू नाही. शिवाय ती कोणाचा हक्कही नव्हे: २००७ साली रिझर्व्ह बँकेतील अपहाराच्या खटल्यात मुंबईच्या विशेष न्यायालयाने आरोपीचा असा अर्ज फेटाळला होता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार आता दोषारोप ठेवल्यापासून तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. अर्ज स्वेच्छेने केला आहे ना, हे न्यायाधीश दुसऱ्या पक्षाच्या गैरहजेरीत आरोपीस विचारतात. भीतीने किंवा दडपणाने आलेल्याने तेथेच खरे सांगावे. शिक्षा सौम्य होते, पहिल्याच गुन्ह्यात अधिक सौम्य. परंतु दोषाचा शिक्का राहतोच, आणि निकालावर नेहमीचे अपील नसते.

म्हणून, बाबांनो, ‘गुन्हा कबूल आहे काय?’ हा प्रश्न कानी पडताच मान डोलावू नका. मुदत मागा; गुन्हा तडजोडीस पात्र आहे काय, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणाऱ्या १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा लाभ मिळेल काय, हे आधी विचारा. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्यान्वये स्त्रिया, कोठडीतील व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना, त्यांचे उत्पन्न काहीही असो, तेथे वकील विनामूल्य मिळतो.