गुणसूत्रे मोजणाऱ्या कमल रणदिवे

बीड जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना सीताफळाची ओळख करून द्यायला नको. बालाघाटच्या डोंगरातून दिवाळीच्या सुमारास पाट्याच्या पाट्या भरून बाजारात येतात. पण या झाडाच्या एका पेशीत किती गुणसूत्रे असतात असे कोणी विचारले तर? उत्तर आहे 14. पेशी दुभंगताना सूक्ष्मदर्शकाखाली जे दोऱ्यांचे आखूड तुकडे दिसतात ती गुणसूत्रे. आनुवंशिक गुणांची जनुके त्यांच्यावरच असतात.

याच सीताफळाच्या कुळातील गुणसूत्रांचा अभ्यास करून कमल रणदिवे 1943 साली पुण्याच्या कृषि महाविद्यालयातून एम. एस्सी. झाल्या. मुलीने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा मात्र राहून गेली. गंमत अशी, की त्या काळी माणसाच्या पेशीत 48 गुणसूत्रे असतात असे मोठमोठे शास्त्रज्ञही मानीत! 46 हा बरोबर आकडा 1956 साली हाती आला.

पुढे मुंबईस डॉ. खानोलकरांच्या हाताखाली काम करून 1949 साली त्यांनी पीएच. डी. मिळविली. नंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. ‘हेला’ या प्रसिद्ध कर्कपेशी 1951 साली जिथे वाढविल्या गेल्या, ती हीच प्रयोगशाळा. पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात, पोषक द्रवात वाढविण्याच्या या तंत्राला ऊतिसंवर्धन म्हणतात. परतल्यावर बाईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात अशी प्रयोगशाळा उभारली, आणि उंदरांतील स्तनाच्या व रक्ताच्या कर्करोगावर वर्षानुवर्षे काम केले.

या तंत्राने काय साधते? लसीकापेशींचा कर्करोग, म्हणजे लिंफोमा, याचे उदाहरण घ्या. युगांडातील मुलांच्या जबड्यावर झपाट्याने वाढणाऱ्या गाठींचे वर्णन डॉ. बर्किट यांनी 1958 साली केले. 1963 च्या डिसेंबरात अशा गाठीचा नमुना लंडनला निघाला. धुक्यामुळे विमान मँचेस्टरला उतरले. एप्स्टाइन यांच्या हाती नमुना आला तेव्हा द्रव गढूळ झाला होता. जंतू शिरले असावेत असेच कोणालाही वाटले असते. त्यांनी थेंबभर द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर जिवंत पेशी सुट्या तरंगत होत्या! त्या वाढविल्यावर 1964 साली त्यांत एक नवा विषाणू सापडला.

आता गुणसूत्रांकडे वळू. लसीकापेशी प्रतिपिंडे तयार करतात. त्याचे एक जनुक 14 व्या गुणसूत्रावर असते आणि तिथे काम जोरात चालू असते. पेशीला दुभंगायला लावणारे ‘मिक’ जनुक 8 व्या गुणसूत्रावर असते. ते एरवी गरजेपुरतेच चालते. बर्किटच्या लिंफोमात बहुधा 8 व्याचा तुकडा तुटून 14 व्याला जोडला जातो. आपल्या विहिरीवरची मोटार शेजारच्या अखंड चालू वायरीला जोडली गेली, तर आपले बटण बंद असूनही ती फिरत राहील. येथे तसेच घडते. हे 1982 साली उलगडले. त्याच वर्षी कमलाबाईंना पद्मभूषण मिळाले.

काही औषधे दुभंगणाऱ्या पेशींनाच अधिक मारतात. म्हणून ही भराभर वाढणारी गाठ वेळीच उपचार झाल्यास काही दिवसांतच विरू लागते, आणि पुष्कळ मुले पूर्ण बरी होतात.