मोटारींतील विजेच्या दोषाची परीक्षा

आमच्या मालवण किनाऱ्यावरील खारा वारा खिडक्यांचे गज व दारांच्या बिजागऱ्या कसा खातो, हें प्रत्येक विद्यार्थ्यानें पाहिलें असेलच. तोच वारा मोटारीच्या विजेच्या सांध्यांतही शिरतो. याविषयीं आमच्या पाहण्यांतील एक गोष्ट सांगतों.

परीक्षेच्या दिवशीं सकाळीं एका पालकांची मोटार सुरूच होईना. दिवे लख्ख लागत, हॉर्न वाजे; परंतु किल्ली फिरवितांच इंजिन कण्हून थांबे. मुलीस शेजाऱ्यांच्या दुचाकीवरून कसेंबसें केंद्रावर पोहोंचविलें. दुपारीं कोणाच्या तरी सांगण्यावरून नवी बॅटरी आणिली. आठ दिवसांत तेंच दुखणें पुन्हां उद्भवलें! अखेर बॅटरीच्या ऋण ध्रुवापासून सांगाड्याकडे जाणाऱ्या जाड तारेचा सांधा गंजलेला आढळला. तो घासून घट्ट आवळतांच मोटार सुरू झाली. जुनी बॅटरी निर्दोष होती. पैसे मात्र व्यर्थ गेले.

मग दिवे कसे लागत होते? कोलोन येथील शाळेंत शिकविणारे गेऑर्ग ओहम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमांत याचें उत्तर आहे. प्रवाहास रोधानें गुणिलें असतां मार्गांत किती दाब खर्ची पडतो, तें कळतें. सांध्याचा रोध एक शतांश ओहम धरूं. दिव्यांस १० अँपिअर लागले, तर केवळ ०.१ व्होल्ट हरवेल. तें डोळ्यांस कळणारही नाहीं. परंतु स्टार्टरनें २०० अँपिअर मागितले, तर १२ पैकीं २ व्होल्ट तेथेंच नाहींसे होतील.

म्हणून परीक्षा क्रमानें करावी. रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीच्या बॅटरीवर व्होल्टमापक सुमारें १२.६ दाखवील, तर ती भरलेली आहे असें समजावें. मग गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून, हातब्रेक ओढून, मापकाचें एक टोंक ऋण ध्रुवावर व दुसरें इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावें आणि दुसऱ्याकडून किल्ली फिरवावी. अर्ध्या व्होल्टहून अधिक आंकडा आला, तर दोष त्या मार्गांत आहे. इंजिन चालूं असतां बॅटरीवर सुमारें १४ व्होल्ट दिसले, म्हणजे ती पुन्हां भरत आहे.

सांधा साफ करण्यापूर्वीं ऋण तार प्रथम सोडावी व ती शेवटीं जोडावी. बॅटरीजवळ विस्तव नेऊं नये. तेथें ज्वालाग्राही हायड्रोजन असतो. फ्यूज जळाल्यास तितक्याच अँपिअरचा घालावा. तार गुंडाळून काम भागवूं नये. विजेवर चालणाऱ्या मोटारींतील नारिंगी तारांस तर मुळींच हात लावूं नये.

विद्यार्थीमित्रहो, दिवा लागला म्हणून मार्ग निर्दोष ठरत नाहीं. भार पडल्यावरच सांध्याची पारख होते. आपल्या अभ्यासाचें व शीलाचेंही असेंच आहे. प्रभुकृपेनें आपले सांधे आपण वेळींच घासून स्वच्छ ठेवूं या.