शब्द आणि हालचाल

‘धाव’ हा शब्द वाचताना आपले पाय जागचे हलत नाहीत. मग मेंदूतील पाय हलविणारा भागही निवांत असतो काय?

मेंदूत माथ्यापासून कानाच्या दिशेने उतरणारा एक पट्टा शरीराच्या हालचाली घडवितो. त्यात वर पायाचे, मध्ये हाताचे व खाली जिभेचे स्थान असते. मॉन्ट्रियल येथील शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांच्या मेंदूला विजेचा सौम्य प्रवाह देऊन ही स्थाने शोधली व १९३७ साली ती प्रसिद्ध केली.

२००४ साली केंब्रिज येथील संशोधकांनी काही माणसांना चाटणे, उचलणे, लाथ मारणे अशा अर्थांचे इंग्रजी शब्द मनात वाचावयास दिले. वाचणारे निश्चल होते. तथापि ज्या अवयवाचा शब्द, त्याच अवयवाच्या स्थानाजवळ मेंदू अधिक क्रियाशील झाल्याचे यंत्राने दाखविले.

मग हे स्थान अर्थाचा आधार आहे की केवळ सोबती? याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत. पक्षाघाताने हातपाय लुळे पडलेल्या अनेक रुग्णांना ‘धाव’, ‘उचल’ हे शब्द उत्तम कळतात. म्हणून अंग हलत नाही, एवढ्यावरून त्या माणसाला बोललेले समजत नाही, असे कोणी कधीही मानू नये.