जालन्याचे डोंगर आणि बदललेला पाऊस

जालना जिल्ह्यात सह्याद्रीसारखे कडे नाहीत. उत्तरेला भोकरदनकडे अजिंठ्याची रांग आहे, जाळीचा देव त्याच रांगेत. अंबड तालुक्यात रोहिलागडाची टेकडी. चढण सोपी म्हणून धोका कमी, हा समज मात्र चुकीचा आहे. इथला धोका उंचीत नाही, पावसात आहे.

जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरली जाते; म्हणजे वर्षाचा जवळजवळ दहावा हिस्सा एका दिवसात. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून आता पावसातला खंड लांबतो आणि पाऊस येतो तो कोसळतच. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी तिपटीने वाढली.

डोंगरात बेसाल्टच्या थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. उन्हाळ्यात तापून भेगाळलेल्या उतारात पाणी मुरले की ही माती बुळबुळीत होते आणि वरचा मुरूम, दगड सुटतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अजिंठ्याच्याच रांगेतल्या कन्नडच्या घाटात दरडी कोसळून महामार्ग बंद पडला होता. वाटेवर ताजी माती, नुकतेच कललेले झाड किंवा एकाएकी गढूळ झालेला झरा दिसला, तर तिथून मागे फिरावे.

ओढ्यांचे गणित वेगळे. केळणा, गिरजा या नद्यांना मिळणारे नाले सकाळी कोरडे असतात. वर डोंगरात पाऊस झाला की डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येतो. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते गुडघ्याएवढे असले तरी गाडी घालू नये. पात्रात तंबू ठोकू नये, जेवायलाही बसू नये.

विजेचा धोका मान्सूनपूर्व वळिवात आणि परतीच्या पावसात, बहुधा दुपारनंतर असतो. त्यामुळे चढाई पहाटे सुरू करून दुपारपूर्वी खाली यावे. निघण्याआधी विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप पाहावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये कळते. उघड्या माथ्यावर एकटे झाड हा आसरा नव्हे; पक्के घर किंवा बंद गाडी गाठावी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटल्याशिवाय पुन्हा माथ्याकडे जाऊ नये.