सर्व्हर अडकतोय? दोष डिस्कचा, केबलचा की कंट्रोलरचा?



परीक्षेचे गुण भरायचे दिवस आणि संगणक कक्षातला लिनक्स सर्व्हर मध्येच अडकतोय. फाईल उघडायला मिनिटभर लागतं, कधी उघडतच नाही. लगेच कुणीतरी म्हणतं, "डिस्क गेली, नवीन घ्या." आमच्याकडेही हेच झालं. पण थांबा, आधी निदान करूया.

पायरी १ : प्रत घ्या. वाचता येतंय तोवर महत्त्वाच्या फाईल दुसऱ्या डिस्कवर उतरवा. 'एफएससीके' ही दुरुस्तीची आज्ञा घाईने देऊ नका. ती डिस्कवर बदल करते. डिस्क खराब असेल तर उरलेलंही जाऊ शकतं.

पायरी २ : नोंदी वाचा. 'डीएमईएसजी' ही आज्ञा दिली की कर्नलच्या नोंदी दिसतात. चुका एकाच डिस्कच्या नावावर असतील तर संशय ती डिस्क किंवा तिच्या केबलवर. एकदम अनेक डिस्क तक्रार करत असतील तर कंट्रोलर किंवा वीजपुरवठा बघा.

पायरी ३ : डिस्कची तब्येत पाहा. 'स्मार्टसीटीएल' ही आज्ञा साटा डिस्कचा अहवाल देते. त्यातले तीन क्रमांक लक्षात ठेवा.
- ५ : खराब झाले म्हणून बदललेले सेक्टर
- १९७ : नीट वाचता न आलेले सेक्टर
- १९९ : डेटाची ने-आण करताना झालेल्या चुका

५ किंवा १९७ चा आकडा वाढत असेल तर डिस्क बदलायची तयारी करा. फक्त १९९ वाढत असेल तर बहुधा केबल. केबल बदलल्यावर हा आकडा शून्य होत नाही. तो वाढायचा थांबला का, एवढंच बघायचं.

पायरी ४ : अदलाबदल करा. सर्व्हर बंद करून आधी केबल बदला, मग पोर्ट. चूक डिस्कबरोबर गेली तर दोष डिस्कचा. त्याच पोर्टवर चांगली डिस्कही चुकली तर कंट्रोलरचा.

एक सावधानता! 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. म्हणून डिस्क काढण्यापूर्वी तिच्यावरचा अनुक्रमांक अहवालाशी जुळवा. नाहीतर चांगलीच डिस्क बाहेर यायची!

आमच्याकडे ५ आणि १९७ शून्य होते, १९९ मात्र रोज वाढत होता. केबल बदलली, काम झालं. नवीन डिस्कचा खर्च वाचला.

आणि हो, आरशासारख्या जोडलेल्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून पुसली जाते. वेगळी प्रत हवीच. पुढच्या वेळी तपासताना मुलांनाही शेजारी बसवा. कारण शोधायचं कसं, हे त्यांना आपोआप कळेल.