क्वाथपात्राची विद्युतजोडणी
अरिष्टनिर्मितीत क्वाथ प्रथम मंद आचेवर आटवावा लागतो. त्यासाठी विजेचे पात्र योजणाऱ्यांनी जोडणीचा हिशेब आधी करावा. ३००० वॅटचे पात्र २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेते. ६ अँपिअरचा सॉकेट त्याने तापून जळू शकतो. म्हणून १६ अँपिअरचा तीन पिनी सॉकेट, मुख्य फलकापासून ४ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र तार व २० अँपिअरचा एमसीबी असावा. एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. क्वाथ उतू जाऊन विद्युतगळती झाल्यास ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीच पुरवठा क्षणात तोडतो. अर्थिंग अनिवार्य समजावे. वाफ व शिंतोडे पोहोचणार नाहीत, असा सॉकेट बाजूस बसवावा. काम परवानाधारक तारतंत्रीकडूनच करून घ्यावे आणि आरसीसीबीची चाचणी-कळ दरमहा दाबून पाहावी.